मनगटावरील लाखांचा हिशेब

छत्रपती संभाजीनगर - स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन या चार देशांशी भारताने केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला आणि स्विस घड्याळांवरील आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर आणण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याआधी पाचच महिने, २२ एप्रिल २०२५ पासून, दहा लाख रुपयांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळाच्या विक्रीवर एक टक्का कर विक्रेत्यानेच गोळा करावा, असा नियम केंद्राने लागू केला होता. एका हाताने दरवाजा उघडायचा आणि दुसऱ्या हाताने आत येणाऱ्याचे नाव वहीत लिहून घ्यायचे, असे हे धोरण आहे. महागडे घड्याळ ही आता केवळ हौसेची बाब राहिलेली नाही, एवढे त्यावरून स्पष्ट व्हावे.

या घड्याळांत सर्वाधिक नजरेत भरते ते पाणबुड्यांसाठी घडवलेले जाडजूड पोलादी घड्याळ. उद्योजकांच्या बैठका, लग्नाचे स्वागत समारंभ, बांधकाम व्यावसायिकांची कार्यालये येथे ते दिसू लागले आहे. समुद्र या शहरापासून रस्त्याने तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. ज्या शहराने नळाला चार-पाच दिवसांआड, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा येणाऱ्या पाण्यावर वर्षे काढली, तेथे तीनशे मीटर खोल पाण्यात टिकणारे यंत्र मनगटावर बाळगण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर पाण्यात सापडत नाही. ते शहरातील संपत्तीच्या स्वभावात आणि त्या संपत्तीची नोंद ठेवणाऱ्या कायद्यांत शोधावे लागते.

खोल पाण्याचे यंत्र

पाणबुड्याचे आधुनिक घड्याळ १९५३ च्या सुमारास आकाराला आले. ब्लाँपँ कंपनीचे 'फिफ्टी फॅदम्स' आणि रोलेक्सचे 'सबमरिनर' ही त्याची आद्य रूपे. पाण्याखाली किती मिनिटे गेली आणि टाकीत हवा किती उरली असेल, याचा अंदाज चुकला तर जीव जाण्याचा धोका असतो. म्हणून डायलभोवती फिरणारे कडे बसवले गेले. ते एकाच दिशेने फिरते. चुकून धक्का लागलाच, तर उरलेला वेळ प्रत्यक्षाहून कमी दिसतो, जास्त कधीच नाही. अंधारात चमकणारे काटे, घट्ट बसणाऱ्या रबरी कड्या, जाड काच या साऱ्यांमागे असाच विचार आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा घड्याळाने किमान शंभर मीटर खोलीचा दाब सोसला पाहिजे आणि चाचणीत त्याहून पंचवीस टक्के अधिक.

प्रत्यक्षात हौशी पाणबुड्याची मर्यादा चाळीस मीटरच्या आसपास मानली जाते. जायकवाडी धरणाची उंचीही साधारण तेवढीच, म्हणजे ४१ मीटरच्या घरात आहे. तीनशे मीटरची क्षमता सांगणाऱ्या घड्याळाला आपला कस लावायचा झाल्यास अशी सात धरणे एकावर एक रचावी लागतील. शिवाय पाण्याखाली हे काम आता मनगटी संगणक करतो. खोली, वेळ आणि वर येण्याचा वेग तो एकाच पडद्यावर दाखवतो. तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा शिकणाऱ्यालाही लाखमोलाच्या घड्याळाची गरज नाही.

अचूकतेचा मुद्दाही फारसा टिकणारा नाही. अधिकृत स्विस प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यांत्रिक घड्याळाला दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी सूट असते. हजार-दोन हजारांचे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याभरात जेमतेम पंधरा-वीस सेकंद चुकते. तरीही मागणी पहिल्यालाच आहे. साहजिकच ही किंमत वेळ पाहण्यासाठी मोजली जात नाही.

दीडशे मोटारींचे शहर

या शहराला संपत्तीच्या उघड प्रदर्शनाचा अनुभव आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये येथील उद्योजक, डॉक्टर, व्यावसायिक एकत्र आले आणि त्यांनी एकाच वेळी दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता. औरंगाबाद हे तेव्हाचे नाव देशभरातील वृत्तपत्रांत झळकले. वाळूजला १९८० च्या दशकात बजाज ऑटोचा कारखाना आला, पुढे शेंद्र्यात स्कोडा आली, त्यांच्याभोवती शेकडो लघुउद्योग उभे राहिले. त्या पिढीने आपल्या यशाची पावती जगाला दाखवली, असे त्या खरेदीचे समर्थन झाले. टीकाही तेवढीच झाली. त्या मोटारींसाठी मोठे बँक कर्ज सात टक्क्यांच्या आसपासच्या दराने मिळाले, तर याच भागातील शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी त्याहून बराच अधिक दर मोजावा लागतो, हा विरोधाभास त्या वेळी ठळकपणे पुढे आला.

त्या खरेदीचा एक विशेष मात्र फारसा चर्चिला गेला नाही. तिच्यात लपवण्याजोगे काही नव्हते. मोटारीला क्रमांक असतो, परिवहन कार्यालयात तिची नोंद होते, विमा उतरवावा लागतो, कर्जाचे कागद बँकेत असतात. कोणाकडे काय आहे, हे शहराला दिसते आणि सरकारलाही. टीका करता आली, ती त्यामुळेच.

घड्याळाचे तसे नाही. त्याला नोंदणी क्रमांक असतो, पण तो कंपनीच्या दप्तरात. ते खिशात मावते, विमानातून मनगटावर येते, एका हातातून दुसऱ्या हातात सहज जाते. रस्त्यावरच्या दहा माणसांना ते केवळ एक मोठे घड्याळ वाटते. अकराव्याला मात्र त्याची किंमत क्षणात कळते. संदेश त्या अकराव्यासाठीच असतो. समोरचा व्यावसायिक, भागीदार किंवा अधिकारी यांच्याशी हस्तांदोलन होते, तेव्हा बाहीखालून डोकावणारी पोलादी कड पतीचा दाखला देऊन जाते. मोटार दाराबाहेर राहते, घड्याळ बैठकीच्या खोलीपर्यंत येते.

एचएमटी ते पाणबुडी

घड्याळ हा प्रतिष्ठेचा दागिना मराठवाड्याला नवा नाही. लग्नात नवरदेवाला अंगठीबरोबर घड्याळ घालण्याची रीत जुनी आहे. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला आणि पुढची दोन-तीन दशके जावयाच्या मनगटावर तेच घड्याळ असे. शिक्षक निवृत्त झाला की शाळा तेच भेट देई. ते घड्याळ चापून बसणारे, लहान, सदऱ्याच्या बाहीखाली मावणारे होते. २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय झाला, तोवर हा सारा वर्ग टायटनकडे आणि मोबाईलकडे वळला होता.

मोठ्या आकाराची लाट १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाश्चात्य बाजारात उसळली. इटलीच्या नौदलासाठी घड्याळे बनवणाऱ्या पानेराई कंपनीची ४४ मिलिमीटरची घड्याळे चित्रपटतारकांच्या मनगटावर आली. जेम्स बाँडच्या हातातील रोलेक्स आणि पुढे ओमेगा यांनी पाणबुड्याच्या घड्याळाला साहसाचे वलय आधीच दिले होते. रोलेक्सचे २००८ मधील 'डीपसी' हे ४४ मिलिमीटरचे घड्याळ ३९०० मीटर खोलीचा दावा करते. पोलादी पट्ट्यासह अशा घड्याळाचे वजन दोनशे ग्रॅमच्या घरात जाते. सदऱ्याच्या बाहीचे बटण त्यावर लागत नाही, लहान चणीच्या मनगटावर ते घसरत राहते. काही वर्षांनी उघडून तेलपाणी करावे, रबरी कड्या बदलाव्यात, तर तो खर्चही हजारोंत जातो आणि काम अधिकृत केंद्राकडेच न्यावे लागते. तरीही ते वापरले जाते, कारण दिसणे हेच त्याचे येथील मुख्य काम आहे.

अर्थात, घेणाऱ्यांचीही बाजू आहे. शून्यातून कारखाना उभा करणाऱ्याने आपल्या कमाईतून एक वस्तू घेतली, तर त्यात गैर काय? काही नामांकित घड्याळांना दुय्यम बाजारात चांगली किंमत येते. शेकडो सुट्या भागांचे हे यंत्र नीट सांभाळले, तर मुलाच्या हाती सोपवता येते. सोने तिजोरीत राहते, घड्याळ रोज सोबत असते. पैसा हिशेबातला असेल, तर या युक्तिवादात खोट काढता येत नाही. प्रश्न त्या 'जर-तर'चाच आहे.

शुल्क, कर आणि पळवाट

करारापूर्वी स्विस घड्याळावर वीस टक्के मूळ आयात शुल्क आणि त्यावर अधिभार मिळून बावीस टक्के आकारणी होत असे. त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर. शंभर रुपयांचे घड्याळ सीमेवरच सुमारे १४४ रुपयांचे होई. दुबई किंवा सिंगापूरहून घड्याळ आणण्याचा मोह त्यातूनच निर्माण झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये क्रिकेटपटू हार्दिक पांड्याची घड्याळे मुंबई विमानतळावर सीमाशुल्क विभागाने मूल्यांकनासाठी ताब्यात घेतली, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. आपण स्वतःहून वस्तू जाहीर केल्या आणि घड्याळाची किंमत सांगितली जाते तशी पाच कोटी नसून सुमारे दीड कोटी आहे, असा खुलासा पांड्याने केला होता. शुल्क शून्याकडे जाईल, तसा हा मोह ओसरावा, अशी अपेक्षा आहे.

एक टक्का कराचा हेतू महसुलापेक्षा माहितीचा आहे. ही रक्कम ग्राहकाला आयकर विवरणपत्रात वळती करून घेता येते. मात्र विक्री कोणाला झाली, हे खात्याला कळते. दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यावर २०१७ पासून बंदी आहेच. तरीही जाळ्याला भोके आहेत. पोलादी घड्याळांपैकी पुष्कळशी दहा लाखांच्या रेषेच्या अलीकडेच राहतात. जुने घड्याळ खासगीत विकले गेले, तर त्याची वाच्यता होत नाही. भेटवस्तूंच्या बाबतीत तर स्थिती अधिक सैल आहे. आप्तेतराकडून मिळालेले दागिने, समभाग, चित्रे यांवर आयकर कायदा ठराविक मर्यादेनंतर कर मागतो. त्या यादीत साध्या पोलादी घड्याळाचा उल्लेख नाही. दहा लाखांची सोनसाखळी भेट घेतली तर हिशेब द्यावा लागतो, तेवढ्याच किमतीचे पोलादी घड्याळ मात्र त्यातून निसटते.

प्रतिज्ञापत्रातील मनगट

हा प्रश्न सार्वजनिक पदाशी येऊन भिडतो, तेव्हा त्याचे गांभीर्य कळते. शेजारच्या कर्नाटकात २०१६ मध्ये त्या वेळी मुख्यमंत्री असलेल्या सिद्धरामय्या यांच्या मनगटावरील हिरेजडित ह्युब्लो घड्याळ गाजले. विरोधकांनी त्याची किंमत सत्तर लाख रुपये सांगितली. दुबईतील डॉक्टर मित्राने ते भेट दिल्याचे सिद्धरामय्या यांनी सांगितले आणि मार्चमध्ये ते विधानसभाध्यक्षांकडे सुपूर्द केले. घड्याळ राज्याची मालमत्ता झाले. हे घडले ते छायाचित्रात मनगट दिसले आणि कोणीतरी ते ओळखले म्हणून. कोणत्याही कागदावरून ते उघड झाले नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल २०२४ रोजी अरुणाचल प्रदेशातील तेजू मतदारसंघाच्या निवडणुकीसंबंधी दिलेला निकाल या दृष्टीने महत्त्वाचा आहे. उमेदवाराने कपडे, बूट, भांडीकुंडी अशी प्रत्येक जंगम वस्तू प्रतिज्ञापत्रात लिहिण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र त्याच निकालात उदाहरण दिले गेले ते घड्याळांचे. उमेदवार व त्याच्या कुटुंबाकडे साधी घड्याळे असतील आणि ती नमूद केली नाहीत, तर तो दोष नव्हे. पण महागड्या घड्याळांचा संग्रह असेल, तर तो जाहीर करावाच लागेल. ती मोठी मालमत्ता तर आहेच, शिवाय त्यातून राहणीमान कळते आणि ते जाणण्याचा मतदाराला अधिकार आहे, असा त्यामागचा विचार आहे.

मतदाराच्या हाती हे साधन आले आहे, ते वापरले जाते का, हा पुढचा प्रश्न. प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. फलकावरील आणि समारंभांच्या छायाचित्रांतील मनगटही सर्वांना दिसते. या दोहोंचा मेळ घालण्यास फार मोठी यंत्रणा लागत नाही.

शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक नगरी विस्तारत आहे, मोटार उद्योगातील मोठ्या गुंतवणुकीचे करार झाले आहेत. शहरात नवा पैसा येईल आणि त्याबरोबर नवी घड्याळेही येतील. शुल्क उतरल्यावर ती आजच्याहून सुलभ होतील. कोणी आपल्या कमाईतून काय घ्यावे, हे सांगण्याचा अधिकार सरकारला नाही आणि शेजाऱ्यालाही नाही. पण ज्या शहराची २७४० कोटींची पाणी योजना सार्वजनिक पैशावर उभी राहते, त्या शहराने त्या पैशाच्या आसपास वावरणाऱ्या मनगटांकडे डोळसपणे पाहिले पाहिजे. उद्योजकाच्या घड्याळाची पावती दुकानात असते, कराची नोंद खात्यात असते. लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि ठेकेदार यांच्या घड्याळांबाबतही तेवढेच म्हणता यावे. तीनशे मीटर खोलीचा दाब ते सोसते, हे कंपनीने तपासलेले असते. ते कोणाच्या पैशातून आले, या साध्या प्रश्नाचा दाब मनगटाच्या मालकाला सोसतो का, हे तपासण्याचे काम मात्र नागरिकांचे आहे.