कानाचे मशीन बसवणाऱ्या हातांना रीतसर शिकवा

प्रति,
भारतीय पुनर्वास परिषद, नवी दिल्ली
आणि दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन



मी इचलकरंजी भागात ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम करते. यंत्रमागाच्या खडखडाटात उमर घालवलेले कामगार माझ्याकडे पुष्कळ येतात. त्यांचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, बघताक्षणी ओळखू येतो. खालचे सूर बरे असतात आणि ४००० हर्ट्झपाशी रेघ एकदम खाली गेलेली असते. अशा माणसाला समोरचा बोलतोय हे कळते, काय बोलतोय ते कळत नाही. ‘साठ’ म्हटले काय आणि ‘आठ’ म्हटले काय, त्याला सारखेच. यातल्या अनेकांच्या खिशात आधीच एक मशीन असते. ते दुकानातून घेतलेले, सगळे सूर सरसकट वाढवून दिलेले. ‘ताई, ह्यानं नुसता गोंगाट वाढतोय,’ असे म्हणत ते टेबलावर ठेवतात.

ज्या मुलाने ते मशीन विकले, त्याच्यावर माझा राग नाही. तो बहुधा बारावी झालेला असतो, हात चपळ असतो, बोलणे गोड असते. कंपनीचा माणूस येऊन त्याला मशीन कसे चालू करायचे ते दाखवून गेला, एवढेच त्याचे शिक्षण. त्याला नीट शिकवण्याची जबाबदारी आपण कुणीच घेतली नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

मशीनसाठी कानाचा साचा घेण्याचे काम बघा. कानात डोकावून पडदा शाबूत आहे का, कान वाहतोय का, हे आधी पाहायचे. मग दोरा बांधलेला स्पंजचा बोळा नळीच्या दुसऱ्या वळणापलीकडे सरकवायचा, तोही हाताची बोटे पेशंटच्या गालाला टेकवून, कारण नळीला स्पर्श होताच काहींना खोकला येतो आणि मान हलते. बोळा नीट बसल्याची खात्री झाली की मगच सिलिकॉन. बोळा चुकला आणि पडद्याला भोक असेल, तर ते सिलिकॉन मधल्या कानात जाऊन घट्ट होते आणि काढायला शस्त्रक्रिया लागू शकते. आपल्याकडे लहानपणापासून कान फुटलेली माणसे किती आहेत, हे आपणास सांगायला नको. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही, व्हिडिओतूनही येत नाही. जाणत्या माणसाने शेजारी उभे राहून कितीतरी कानांवर ते करवून घ्यावे लागते.

आज कायदा काय म्हणतो? १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार नोंदणी नसलेल्याने हा व्यवसाय करणे गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात नोंदणीचा मुख्य रस्ता म्हणजे चार वर्षांची पदवी, त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतून किंवा म्हैसूरच्या संस्थेतून ती घेतलेली मुले उत्तम काम करतात, पण तालुक्याच्या गावी येऊन बसणारी थोडी. भारतात सुमारे ६.३ कोटी लोकांना लक्षणीय श्रवणदोष असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पदवीधर आणि पेशंट यांच्यामधली एवढी मोठी जागा रिकामी राहणार नव्हतीच. ती बिनपरवान्याच्या काउंटरने भरली.

जर्मनीत हे काम हस्तव्यवसाय म्हणून तीन वर्षांच्या उमेदवारीतून शिकवतात. देशभरच्या दुकानांतली शिकाऊ मुले पाळीपाळीने ल्युबेक शहरातल्या शाळेत जातात, ध्वनिशास्त्र आणि कानाची रचना शिकतात आणि परत आपल्या उस्तादाच्या हाताखाली कामाला लागतात. परीक्षा पास झाली तरी स्वतःचे दुकान काढायला पुढची ‘माइस्टर’ पदवी लागते. ब्रिटनमध्येही हिअरिंग एड डिस्पेन्सर होण्याचा उमेदवारीचा मार्ग आहे. हे पदनाम कायद्याने राखीव आहे आणि २०१०पासून त्यांची नोंदणी आरोग्य व्यवसायांची परिषद करते. दोन्हीकडे पगार घेत शिकता येते. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

आपल्याकडे १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, विद्यावेतनाचा काही भाग केंद्राने उचलण्याची योजनाही २०१६पासून आहे. त्यांच्या आधाराने तीन वर्षांचा अभ्यासक्रम आखा. उमेदवार नोंदणीकृत ऑडिओलॉजिस्टच्या हाताखालीच असावा आणि एकाच्या हाताखाली दोनपेक्षा जास्त नसावेत. प्रत्येक चाचणी, प्रत्येक साचा, पेशंट पुन्हा आला तेव्हाची प्रत्येक दुरुस्ती वहीत नोंदवून तिच्यावर सही व्हावी. शेवटची परीक्षा बाहेरच्या परीक्षकाने खऱ्या पेशंटवर घ्यावी. मिळणारा परवाना फक्त प्रौढांपुरता. लहान मूल, अचानक गेलेले ऐकणे, एकाच कानाचा दोष, चक्कर किंवा वाहता कान दिसला, की त्याने मशीन न दाखवता पुढे पाठवले पाहिजे, आणि हे न करणाऱ्याचा परवाना गेला पाहिजे.

एका अटीवर मात्र तडजोड करू नका. उमेदवाराचे विद्यावेतन विक्रीशी जोडलेले नसावे. ज्याच्या महिन्याच्या पैशांचा हिशेब विकलेल्या मशीनवर होतो, तो ‘तुम्हाला मशीन नको, आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा’ हे वाक्य शिकूच शकत नाही. दुकानदार याला विरोध करतील. करू देत.

माझ्याच क्षेत्रातले काही जण म्हणतील, याने पदवीची किंमत कमी होईल. मला तसे वाटत नाही. मेंदूच्या प्रतिसादाच्या तपासण्या, नवजात बाळांचे निदान, कॉक्लिअर इम्प्लांटनंतरचे प्रोग्रॅमिंग ही आमची कामे आहेत आणि त्यांना आम्ही पुरे पडत नाही. आज आमचा दिवस बॅटरीचे दार कसे लावायचे, शिट्टी का येते, ओल धरलेले मशीन रात्री डबीत कसे ठेवायचे हे समजावण्यात जातो. ही कामे कमी दर्जाची नाहीत. मशीन कानावर राहणार की कपाटात जाणार हे त्यांवरच ठरते. म्हणून ती शिकलेल्या माणसाने निवांतपणे करायला हवीत.

दुकानांत आधीपासून काम करणाऱ्यांनाही या मार्गात घ्या, मात्र अनुभवाचा दाखला बघून परीक्षा माफ करू नका. आणि सुरुवात यंत्रमागाच्या गावांपासून करा. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी या तीन ठिकाणी पहिली तुकडी बसली, तर माझ्या दवाखान्यातल्या दोन जागा मी आजच देते. त्यांच्या वह्या तपासण्याचे काम मी विनामोबदला करीन.

आपली,
एक नोंदणीकृत ऑडिओलॉजिस्ट