गावाला जाताना माशांना उपाशीच ठेवावे

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपून लोक घरी परतले, की शोभिवंत मासे विकणाऱ्यांना एक ठरावीक तक्रार ऐकावी लागते : 'चार दिवस गावाला गेलो आणि मासे उपासमारीने मेले.' थोडी अधिक चौकशी केली, तर बहुधा असे निष्पन्न होते की, घराची किल्ली शेजाऱ्यांकडे होती, शेजारी मोठ्या आस्थेने सकाळ-संध्याकाळ खाद्य घालत होते आणि जाताना भरलेला खाद्याचा डबा परतल्यावर अर्धा झाला होता. म्हणजे मासे उपासमारीने मेले नाहीत, पाहुणचाराने मेले.

मासा हा शीतरक्ताचा प्राणी आहे. शरीर उबदार ठेवण्यासाठी त्याला ऊर्जा खर्चावी लागत नाही; त्यामुळे आपल्याला किंवा गाई-म्हशींना लागते त्या मानाने त्याची गरज फारच अल्प असते. प्रौढ, निरोगी गप्पी, मोली, गोल्डफिश किंवा एंजल आठवडाभर अन्नावाचून सहज राहतात. आपले उत्पादक हे पुरते जाणून आहेत. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत मासे बांधून दूरच्या बाजारात पाठवायचे असतील, तर ते आधी एक-दोन दिवस माशांना उपाशी ठेवतात. पोट रिकामे असेल तर वाटेत पाणी खराब होत नाही. कोलकात्याचा गॅलिफ स्ट्रीटचा बाजार असो, चेन्नईतील कोळत्तूर असो वा मुंबईचे कुर्ला, उपास घडलेला मासाच तेथे पोहोचतो. ज्या ज्ञानावर हा सारा व्यापार चालतो, ते ग्राहकाच्या हाती मात्र कोणी देत नाही. त्याला मासा मिळतो, खाद्याचा डबा मिळतो आणि 'दिवसातून दोनदा घाला' एवढी एक सूचना मिळते.

या अज्ञानाची किंमत आकड्यांत मांडता येते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा काचेच्या टाकीत काठोकाठ भरले तरी सुमारे 56 लिटर पाणी मावते. तीत प्रत्येकी 10 ग्रॅम वजनाचे पाच मासे असतील, तर वजनाच्या एक ते दोन टक्के या हिशेबाने त्या सर्वांना मिळून दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम खाद्य पुरते. शेजाऱ्याने एका वेळी 5 ग्रॅम जास्तीचे टाकले आणि ते तसेच कुजले असे समजू. खाद्यात 35 टक्के प्रथिने आणि प्रथिनांत 16 टक्के नत्र धरल्यास 0.28 ग्रॅम नत्र पाण्यात उतरते. म्हणजे लिटरमागे सुमारे 5 मिलिग्रॅम अमोनियायुक्त नत्र. फिल्टरमधील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात, पण ते रोजच्या बोज्याइतकेच वाढलेले असतात. एकाएकी आलेला भार त्यांना पेलत नाही. पाण्याचा सामू 7 वरून 8 वर असला, तर या अमोनियातील विषारी अंश जवळजवळ दहापट होतो. शिवाय कुजण्याच्या क्रियेत पाण्यातील प्राणवायूही संपत जातो, तो वेगळाच.

शेजाऱ्याचा यात दोष नाही. गोल्डफिशला खरे जठर नसते. तो दिवसभर टिपत राहणारा मासा आहे. काचेजवळ माणूस दिसला, की तो वर येऊन तोंडाची उघडझाप करतो. ती सवय असते, परंतु पाहणाऱ्याला ती याचना वाटते.

उपासाखालोखाल मला विजेविषयी बोलायचे आहे, कारण तिकडे कोणाचेच लक्ष नसते. घर बंद करताना 'मेन स्विच' बंद करणे हा आपल्याकडचा शहाणपणा. गॅस बंद, नळ बंद, वीज बंद. त्या एका खटक्यासरशी एअर पंप थांबतो, फिल्टर थांबतो आणि फिल्टरमधील उपयुक्त जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात. मे महिन्यात विदर्भात किंवा तेलंगणात खिडक्या लावून बंद केलेल्या खोलीत पाणी तापत जाते. पाणी 25 अंशांवर असताना त्यात लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर 35 अंशांवर जेमतेम 7, आणि त्याच वेळी माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. दिल्ली-चंदीगडच्या डिसेंबरात उलटा प्रकार : हीटर बंद पडतो, पाणी गार होते आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला वाट मिळते. म्हणून मत्स्यालयाचा वीजजोड घराच्या इतर जोडांपासून वेगळा चालू ठेवता येईल अशी सोय हवी. जेथे भारनियमनाची खात्रीच आहे, तेथे बॅटरीवर चालणारा छोटा पंप हवा. दिवा मात्र बंदच असावा, अन्यथा शेवाळ माजते.

बाकीची तयारी फार नाही. ती फक्त निघण्याच्या आदल्या रात्री करू नये. दोन-तीन दिवस आधी चौथा हिस्सा पाणी बदलावे; नळाचे असेल तर दिवसभर उघड्या भांड्यात मुरवून, क्लोरीन उडून गेल्यावर. फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुऊ नये, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात नवा मासा आणू नये. आठवड्याहून अधिक काळ बाहेर राहायचे असेल, तर शेजाऱ्यांना डबा देऊ नये. एक दिवसाआड घालायच्या मोजक्या पुड्या बांधून, वर वार लिहून द्याव्यात आणि डबा कपाटात कुलूपबंद करावा. हे आगाऊपणाचे वाटेल, पण शेजाऱ्यांनाही त्यातच सुटकेचा निःश्वास टाकता येतो. स्वयंचलित खाद्ययंत्र घ्यायचे असेल तर घरी असतानाच आठवडाभर चालवून पाहावे. कोकण-केरळच्या दमट हवेत खाद्याचा गोळा होतो आणि यंत्र एक तर काहीच टाकत नाही, नाही तर सगळेच टाकते.

उपासाचा हा सल्ला पिल्लांना लागू नाही, हे स्पष्टच सांगायला हवे. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना दिवसातून अनेक वेळा बारीक खाद्य लागते. येथे प्रश्न ग्राहकाचा राहत नाही, तो उत्पादकाच्या घरात शिरतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपन घटकाचा खर्च 3 लाख रुपये धरला असून महिलांना 60 टक्के अर्थसाहाय्य आहे. असे घटक पुष्कळदा घरातली एकच स्त्री सांभाळते. भावाच्या लग्नाला ती चार दिवस माहेरी गेली, तर पिल्लांच्या टाक्या कोणी पाहायच्या? आमच्या प्रशिक्षणांत प्रजनन, खाद्य, रोग, अनुदान हे सारे असते; गैरहजेरीचा तास नसतो. बचत गटातील दोघींनी एकमेकींच्या टाक्या आधीपासून ओळखून घेणे आणि माहेरपणाच्या तारखा पाहून प्रजननाच्या जोड्या लावणे, इतके तरी शिकवायला काय हरकत आहे?

सुट्टीत सांभाळायला कोणी नाही म्हणून मासे जवळच्या तळ्यात सोडणारेही असतात. ते त्यांना दयेचे वाटते. दक्षिण अमेरिकेतून मत्स्यालयांसाठी आलेला सकर मासा अशाच वाटांनी आपल्या पाण्यात उतरला. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागातील मच्छीमारांच्या जाळ्यात तो आता सापडतो आणि त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात. नको असलेला मासा दुकानदाराने परत घ्यावा, ही अट विक्रीतच असली पाहिजे.

माझा आग्रह एवढाच, की विक्रेत्याने बिलाच्या मागे सुट्टीच्या चार सूचना छापाव्यात आणि कृषी विज्ञान केंद्रांनी त्या पटवून द्याव्यात. पटवण्यासाठी प्रात्यक्षिक सोपे आहे. मासे नसलेल्या, साध्या पाण्याच्या एका टाकीत प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी 5 ग्रॅम खाद्य टाकावे. शेजारच्या टाकीत पाच मासे ठेवावेत व त्यांना काहीही घालू नये. पाचव्या दिवशी दोन्हींतील अमोनिया तपासणी संचाने मोजावा आणि वाचनाचे काम प्रशिक्षणार्थींकडेच सोपवावे.