गुणवंत प्राध्यापक शोधावा लागतो

विद्यापीठांच्या गुणवंत प्राध्यापक पुरस्कारांची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच असते. परिपत्रक निघते, इच्छुक प्राध्यापक विहित नमुन्यात स्वतःच प्रस्ताव भरतो, प्राचार्यांच्या शिफारशीसह फाइल पुढे जाते, समिती गुण देते आणि शिक्षक दिनी किंवा वर्धापनदिनी शाल, श्रीफळ व सन्मानचिन्ह दिले जाते. यातली पहिलीच पायरी चुकीची आहे. ज्याचा गौरव करायचा त्यानेच आपल्या थोरवीच्या साक्षांकित प्रती जोडायच्या, हे प्राध्यापकाला कमीपणा आणणारे आहे. शिवाय स्वतःविषयी लिहिण्याचा ज्यांना संकोच वाटतो, ते स्पर्धेत येतच नाहीत.

फाइलमध्ये काय असते, हा पुढचा प्रश्न. शोधनिबंध, पुस्तके, परिषदा, प्रकल्प, पेटंट हे सगळे मोजता येते. अध्यापनाच्या रकान्यात मात्र तासांची संख्या आणि निकालाची टक्केवारी यापलीकडे फारसे काही नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 मध्ये पदोन्नतीसाठी शैक्षणिक कामगिरी मोजणाऱ्या एपीआय गुणांची पद्धत आणली. त्यानंतर गुणांसाठी निबंध लिहिण्याची आणि पैसे घेऊन ते छापणाऱ्या नियतकालिकांची जी चलती झाली, ती प्राध्यापकवर्गाला चांगली ठाऊक आहे. हा बाजार आवरण्यासाठी आणलेली मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीही आयोगाने 2025 मध्ये बंद केली आणि नियतकालिकांची पारख संस्थांवर सोपवली. म्हणजे निबंधांच्या संख्येवरून संशोधनाचाही दर्जा कळत नाही. शिकवण्याचा तर नाहीच नाही.

राष्ट्रीय पातळीवरही महाविद्यालयीन अध्यापन बराच काळ दोन खुर्च्यांच्या मधे राहिले. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार 1958 मध्ये सुरू झाला तो वैज्ञानिक संशोधनासाठी; त्याच वर्षी सुरू झालेला राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार शालेय शिक्षकांसाठी. उच्च शिक्षणातील अध्यापकांना या दुसऱ्या पुरस्कारात जागा मिळायला 2023 उजाडावे लागले.

संशोधन आणि अध्यापन एकमेकांच्या आड येतात, असा याचा अर्थ नव्हे. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे सर्वांच्या ओळखीच्या यूडीसीटीत, प्रा. मनमोहन शर्मा 1964 मध्ये केंब्रिजहून परतून प्राध्यापक झाले तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. पुढे भटनागर पुरस्कार, 1990 मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, 2001 मध्ये पद्मविभूषण असे मान त्यांना मिळाले. पण त्यांच्या कामाचे खरे माप विद्यार्थ्यांत दिसते. ज्येष्ठराज जोशी आणि गणपती यादव हे त्यांचे पीएच.डी.चे विद्यार्थी; दोघेही पुढे त्याच संस्थेचे प्रमुख झाले. गुणांच्या तक्त्यात मार्गदर्शन केलेल्या प्रबंधांची संख्या भरता येते. त्या विद्यार्थ्यांनी पुढे काय उभे केले, यासाठी रकाना नसतो.

अध्यापन मोजता येत नाही, विद्यार्थी सैल प्राध्यापकालाच चांगले म्हणतात, असा आक्षेप घेतला जातो. सत्राअखेरीस घाईने भरून घेतलेल्या अभिप्राय-अर्जांपुरता तो खराही आहे. परंतु पदवी घेऊन पाच-दहा वर्षे झालेल्या विद्यार्थ्याला गुणांची आशा नसते आणि धाकही नसतो. कोणाच्या वर्गात विषय समजला, हे तो नेमके सांगू शकतो. प्राध्यापकाने काढलेल्या प्रश्नपत्रिका, तपासलेल्या वह्यांवरचे शेरे, दरवर्षी बदलत गेलेली टिपणे हाही पुरावाच आहे. अमेरिकेतील एमआयटीत 1992 पासून पदवी अभ्यासक्रमाच्या अध्यापनासाठी मॅकव्हिकर फेलो निवडतात. तेथे सहकारी आणि विद्यार्थी यांची पत्रे विचारात घेतात आणि फेलोचा मान दहा वर्षांचा असतो. एका संध्याकाळच्या हारतुऱ्यांपेक्षा हे बरे.

तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचा उल्लेखही येथे टाळता येणार नाही. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत वर्ग प्रत्यक्षात तेच चालवतात, आणि पुरस्काराला मात्र मान्यताप्राप्त पूर्णवेळ नेमणुकीची अट आडवी येते. नेट-सेट होऊन वर्षानुवर्षे तासांवर राबणाऱ्या चांगल्या शिक्षकाला निदान सन्मानाच्या वेळी तरी नियमावलीबाहेर ठेवू नये.

विद्यापीठांच्या व्यवस्थापन परिषदांनी पुढच्या परिपत्रकापूर्वी तीन बदल करावेत. स्वतः अर्ज करण्याची पद्धत बंद करून माजी विद्यार्थी व सहकारी यांच्याकडून नावे मागवावीत. अध्यापनाचा पुरस्कार संशोधनाच्या पुरस्कारापासून वेगळा ठेवावा आणि दोन्हींसाठी पात्रता व समित्या निराळ्या असाव्यात. आणि शालीऐवजी संशोधकाला एका सत्राची अध्यापनातून मोकळीक व शिक्षकाला ग्रंथखरेदीसाठी किंवा प्रयोगशाळेसाठी निधी द्यावा. योग्य नाव सापडले नाही, तर त्या वर्षी पुरस्कार देऊ नये.

– एक वाचक, पुणे