लॅपटॉपच्या दाराची बेल

पोळ्या लाटताना दाराची बेल वाजली, की गृहिणी गॅस बारीक करते, दूध घेते आणि पुन्हा पोळपाटाशी येते. कॉम्प्युटरचा प्रोसेसरही असाच वागतो. कळ दाबली, माउस हलला, की ते उपकरण त्याला बेल देते. या बेलला ‘इंटरप्ट’ म्हणतात.

१९८१च्या आयबीएम पीसीत अशा ८ तारा होत्या. १९८४च्या ‘एटी’ मॉडेलमध्ये त्या १६ झाल्या. पुढे उपकरणे वाढली आणि एकच तार दोघातिघांत वाटून घ्यावी लागली. एक बेल, दोन बिऱ्हाडे!

आता बेलचे बटण अडकले तर? दारात कोणीच नाही, बेल मात्र थांबत नाही. इकडे पोळी करपते. शेवटी गृहिणी बेलचा स्विचच बंद करते. मग खरा पोस्टमन आला तरी कळत नाही. लिनक्स हेच करते. एक लाख हाकांपैकी ९९,९००हून अधिक हाकांना धनी सापडला नाही, तर ‘नोबडी केअर्ड’ असा संदेश देऊन ती तार बंद करते. त्याच तारेवरचे निर्दोष वायफाय किंवा यूएसबीही मग रखडते.

अशा वेळी आधी फोटो, कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवावीत. बाहेरून जोडलेली उपकरणे काढून एकेक पुन्हा लावावे. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ फोल्डरातील ‘इंटरप्ट्स’ ही फाइल दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा पाहावी. टायमरचा आकडा वाढायचाच. दुसरा एखादा भरमसाट वाढत असेल, तर त्याच्या ओळीत बहुधा संशयिताचे नाव असते. विंडोज १०मध्ये टास्क मॅनेजरात ‘सिस्टिम इंटरप्ट्स’चा आकडा काही काम नसतानाही चढाच राहिला, तर डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय, साउंड अशी उपकरणे एकेक करून तात्पुरती बंद करून पाहावीत. डिस्क व कीबोर्डला हात लावू नये. दोषी सापडला, की उत्पादकाच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा.

लिनक्स सुरू करताना ‘आयआरक्यूपोल’ हा पर्याय देता येतो. त्याने गाडी चालू लागते, पण वेग मंदावतो. तो तात्पुरता टेकू समजावा.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची मोफत मदत थांबली आणि कितीतरी जुने लॅपटॉप भंगाराच्या वाटेला लागले. पण रखडणारे प्रत्येक यंत्र म्हातारे झालेले नसते. आधी खोटी बेल कोण वाजवतो, ते पाहावे. मुलांच्या अभ्यासाला तोच लॅपटॉप आणखी काही वर्षे पुरेल.