विश्लेषण : एकाच महामार्गावर कंटेनर आणि शाळेची व्हॅन का?

देशातील रस्त्यांची एकूण लांबी सुमारे ६३ लाख किलोमीटर. त्यात राष्ट्रीय महामार्गांचा वाटा जेमतेम दोन टक्क्यांच्या वर. पण वाहतुकीचा सुमारे ४० टक्के भार त्यांच्यावरच असल्याचे केंद्र सरकार सांगत आले आहे. २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ बळी गेले. त्यातील ३६ टक्के राष्ट्रीय महामार्गांवर, द्रुतगती मार्ग धरून.

वर्गवारी काय सांगते?

राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही महाराष्ट्रातील उतरंड. रस्ता कोणाचा आणि निधी कोणाचा, हे त्यावरून कळते. त्यावरून कोण जाणार, हे मात्र कळत नाही.

द्रुतगती मार्ग वेगळे कसे?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग असो की ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, तेथे दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टरना प्रवेश नाही. ठरावीक ठिकाणीच आत-बाहेर पडता येते. अर्थात वगळलेली वाहने नाहीशी होत नाहीत. ती जुन्या रस्त्यावर, गावांमधून जातात. खंडाळा घाटात तर द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग काही अंतर एकत्र येतात आणि सुट्ट्यांच्या दिवशी कोंडी ठरलेली. खोपोली ते कुसगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा ‘मिसिंग लिंक’ प्रकल्प त्यासाठीच आखला गेला.

नवले पुलाजवळ काय घडते?

पुण्यातील कात्रज-देहूरोड बाह्यवळण मार्ग शहराबाहेरून जड वाहने नेण्यासाठी होता. नंतर शहरच त्याच्या दोन्ही बाजूंना पसरले. नऱ्हे, आंबेगाव, वारजे, बाणेर येथील रहिवाशांना कामावर जायला, भाजी आणायला तोच रस्ता. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलेला मालवाहू ट्रक लांब उतारावरून येतो. डिझेल वाचवण्यासाठी चालकाने गाडी न्यूट्रलवर टाकली की इंजिनाचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापून निकामी झाले, तर पुढे पुलाजवळ दुचाकी आणि मोटारींची गर्दी असतेच.

वेगमर्यादा, रम्बलर, कॅमेरे हे उपाय उतारापुरते. सलग सेवा रस्ता नसेल तर दुचाकीस्वार महामार्गावर येणारच, कधी उलट दिशेनेही. त्याला दंड करणे सोपे आहे. सेवा रस्त्यासाठी मात्र भूसंपादन लागते, आणि ते करायचे महापालिकेने की महामार्ग प्राधिकरणाने, इथे गाडी पुन्हा वर्गवारीपाशीच अडते.