'नॉर्मल' रक्त कोणाचे?

रक्ततपासणीच्या रिपोर्टवर पांढऱ्या पेशींच्या पाच ओळी असतात. त्यांतली न्यूट्रोफिल, इओसिनोफिल आणि बेसोफिल ही नावे पाउल एर्लिख या जर्मन संशोधकाने १८८०च्या आसपास रक्ताला रंग लावून पाहिला, तेव्हाची आहेत. इओसिन हा रंग जिने धरला, ती इओसिनोफिल. आज मोजणी यंत्र करते. पण खाने तेच, एर्लिखचे.

प्रत्यक्षात या खान्यांत कितीतरी वेगळ्या पेशी दाटीवाटीने बसल्या आहेत. त्या दिसत नव्हत्या, कारण लाखो पेशी एकत्र चिरडून त्यांतली जनुके वाचली जात. भाजणी दळून झाल्यावर तिच्यात चण्याची डाळ किती आणि उडीद किती, हे कसे सांगणार? दळण्याआधी दाणा न् दाणा पाहण्याची सोय २००९ मध्ये झाली. त्या वर्षी एकाच पेशीत चालू असलेली जनुके प्रथमच समग्रपणे वाचली गेली. २०१५ पासून तर तेलातल्या इवल्या पाण्याच्या थेंबात एकेक पेशी बंद करून तिला बारकोड लावता येतो आणि हजारो पेशी एका दमात वाचता येतात. २०१७ मध्ये ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी जेमतेम २,४०० पेशी एकेक करून पाहिल्या, तर माणसाच्या रक्तात डेंड्रिटिक या प्रतिकारपेशींचा तोवर अज्ञात असलेला प्रकार सापडला.

रक्तपेशींचा नकाशा असा बारीक होत असताना तो कोणाच्या रक्तावरून काढला जातो, हा प्रश्न उरतोच. 'एशियन इम्यून डायव्हर्सिटी ॲटलस'ने २०२५ मध्ये त्याला काहीसे उत्तर दिले. जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर, थायलंड आणि भारत या पाच देशांतल्या सात लोकगटांतील ६१९ निरोगी माणसे आणि त्यांच्या साडेबारा लाखांहून अधिक पेशी त्यात आहेत. वय, लिंग आणि वंश यांप्रमाणे निरोगी रक्तातही पेशींचे प्रमाण बदलते, असे त्यात दिसले. थोडक्यात, 'नॉर्मल' एकच नसते.

पण या सात गटांत तीन एकट्या सिंगापूरचे आहेत आणि भारत देश म्हणून एकच. गडचिरोलीचा गोंड, रत्नागिरीचा कोळी आणि लुधियानाचा जाट एका ओळीत बसवणारा नकाशा आपल्याला पुरणारा नाही. 'जीनोम इंडिया'ने दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचून मोठे काम केले. मात्र जीनोम ही पोथी आहे. ती जवळजवळ प्रत्येक पेशीत सारखीच असते. कोणती पेशी त्यातले कोणते पान वाचते, हे पोथी छापून कळत नाही. लस कोणाला लागू पडेल आणि कोणाचे शरीर स्वतःवरच उलटेल, याची उत्तरे त्या वाचनात आहेत.

दहा हजार पोथ्या जमवणाऱ्या देशाने आता वाचकांचीही शिरगणती हाती घ्यावी. तोवर रिपोर्टवरची 'नॉर्मल रेंज' दुसऱ्या कोणाची तरी असू शकते, हे ध्यानात ठेवलेले बरे.