शेजाऱ्याचे दिसते, घरचे दिसत नाही



या अंकात कांदा साठवणुकीवर लिहायचे ठरले होते. कांद्याचा विषय निघणारच आहे, पण निराळ्या वाटेने. जुन्नर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र हाती आले आणि त्याला उत्तर द्यायला उशीर करणे बरे नव्हे असे वाटले.

या ताईंचा मुलगा अंधेरीला पदविकेचे शिक्षण घेतो आणि मुलुंडला मामाकडे राहतो. सकाळी लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, असा त्याचा रोजचा प्रवास. गेल्या वर्षी त्याला एक वापरलेला लॅपटॉप घेऊन दिला, त्यावर लिनक्स आहे. महिन्यापूर्वी मामांनी घरचे वायफाय बदलले आणि भिंतीवर नवा डबा बसला. घरातल्या सर्वांचे मोबाइल त्यावर सुरळीत चालतात, लॅपटॉपला मात्र ते वायफाय दिसतच नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी नावे यादीत येतात, आपलेच येत नाही, असे मुलाचे म्हणणे. दुरुस्ती करणाऱ्याने यंत्र पाहून ‘कार्ड गेले, आता नवाच लॅपटॉप घ्या’ असे सांगितले. प्रकल्प महिनाअखेर द्यायचा आहे. तेव्हा चाळीतला कांदा आताच काढून विकावा काय, असे ताई विचारतात.

ताई, कांदा चाळीत राहू द्या. मी शेतकीचा पदवीधर, संगणकाचा नव्हे. पण तुमच्या पत्रातच अर्धे निदान झालेले आहे. पीक पिवळे पडल्याची तक्रार घेऊन कोणी आले की आम्ही आधी खताचे नाव घेत नाही. कोणती पाने आधी पिवळी पडली, हे विचारतो. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली तर नत्राची शंका घ्यायची. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोहाची. इथेही पहिला प्रश्न तसाच आहे: लॅपटॉपला कोणाचेच वायफाय दिसत नाही, की फक्त आपलेच दिसत नाही? तुमच्या मुलाला शेजाऱ्यांची नावे दिसतात. ज्या कार्डाला शेजाऱ्यांचा आवाज ऐकू येतो ते मेलेले नाही. त्याला तुमच्या नव्या डब्याचाच आवाज का ऐकू येत नाही, एवढेच शोधायचे आहे.

वायफाय म्हणजे बिनतारी संदेशवहनच. आपल्या घरचा ट्रान्झिस्टर आठवा. मालाडच्या मनोऱ्यांवरून आकाशवाणी मुंबईचे कार्यक्रम मध्यम लहरींवर वर्षानुवर्षे प्रक्षेपित झाले आणि साधा ट्रान्झिस्टर ते पकडीत असे. पुढे एफएम आले, तेव्हा त्याच ट्रान्झिस्टरला ते लागेना. तो बिघडला नव्हता, त्यात तो पट्टाच नव्हता. वायफायचेही मुख्य पट्टे दोन. एक २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपने. दुसरा ५ गिगाहर्ट्झचा, म्हणजे त्याच्या दुपटीहून थोडा अधिक. पहिला भिंती ओलांडून बऱ्यापैकी दूर जातो, दुसरा वेगवान पण एका-दोन भिंतींतच दमतो. अनेक जुन्या लॅपटॉपांतील कार्डांना पहिलाच पट्टा कळतो. नव्या डब्यांत दोन्ही असतात, पण बसविताना कोणी पहिला बंद ठेवला तर नव्या मोबाइलांना ते कळतही नाही आणि जुना लॅपटॉप मात्र आंधळा होतो.

मुलाने आधी मामांचा मोबाइल घ्यावा, वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नावावर बोट ठेवून तपशील उघडावा. तिथे फ्रिक्वेन्सी लिहिलेली असते, ती २.४ आहे की ५, ते पाहावे. मग लॅपटॉपवर टर्मिनल नावाची खिडकी उघडून इंग्रजी लहान अक्षरांत ‘आयडब्ल्यू लिस्ट’ असे टंकावे. आयडब्ल्यू ही दोन अक्षरे जोडून, मग एक जागा सोडून लिस्ट. लांबलचक मजकूर येईल. त्यात ‘बँड १’ म्हणजे २.४ आणि ‘बँड २’ म्हणजे ५. बँड २ कुठेच नसेल आणि मोबाइल ५ वर चालत असेल, तर चोर सापडला.

त्यावरचा उपाय लॅपटॉपमध्ये नाही, डब्यात आहे. डब्याच्या पाठीला किंवा पोटाला चिकटविलेल्या कागदावर त्याचा अंकी पत्ता असतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, आणि आत शिरण्याचा परवलीचा शब्द. मामांनी मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता घालून २.४ चा पट्टा चालू करावा आणि त्याला निराळे नाव द्यावे, म्हणजे दोहोंची गल्लत होत नाही. हे जमत नसेल तर ज्यांनी डबा बसविला त्यांना फोन करून नेमके एवढेच सांगावे: ‘२.४ चालू करा.’ ‘नेट चालत नाही’ असे सांगू नये. ते येतील, मोबाइलवर चालवून दाखवतील आणि निघून जातील.

समजा, मोबाइलवरही २.४ च आहे आणि तरी लॅपटॉपला दिसत नाही. मग दुसरी शंका घ्यायची, आणि ती मला फार गमतीची वाटते. या पट्ट्यात सरीसारखे भाग पाडलेले असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. भारतात २००५ सालच्या नियमांनी हा पट्टा परवान्याविना वापरायला मोकळा झाला. आपल्याकडे त्यातील १ ते १३ चॅनेल वापरता येतात, अमेरिकेत मात्र सामान्यतः ११ पर्यंतच. परदेशातील कचेऱ्यांत वापरून झालेले पुष्कळ लॅपटॉप आपल्या बाजारात येतात. अशा यंत्राची समजूत अजून तो अमेरिकेत असल्याची असेल, तर १२ किंवा १३ वर बोलणाऱ्या डब्याकडे ते कानच देत नाही. शेजाऱ्यांचे डबे १, ६, ११ वर असतात म्हणून ते दिसतात आणि आपला १३ वर म्हणून दिसत नाही!

डबा १३ वर गेला कसा, असे कोणी विचारील. तर उपनगरातली दाटी. माझी पुतणी बोरिवलीला राहते. तिच्या दिवाणखान्यात बसून मी यादी उघडली तर पस्तीसच्या वर नावे निघाली, खालच्या मजल्यावरची, समोरच्या इमारतीची, कोणाकोणाची. चॅनेल एकमेकांना इतके खेटून आहेत की १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांच्या अंगावर जात नाहीत. बाकी सगळी अंतर न राखता केलेली लागवड. ‘ऑटो’वर ठेवलेला डबा मोकळी जागा शोधत टोकाच्या सरीत जाऊन बसतो. टर्मिनलमध्ये ‘आयडब्ल्यू रेग गेट’ टंकल्यावर देशाची दोन अक्षरे दिसतात. भारतासाठी ती ‘आय’ आणि ‘एन’ हवीत. दोन शून्ये किंवा ‘यू’ आणि ‘एस’ दिसली तर शंका बळकट झाली. ‘सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन’ या आज्ञेने ती बदलता येतात, पण काही कार्डे ही आज्ञा मानीत नाहीत. त्यापेक्षा डब्यातच ऑटो काढून चॅनेल १, ६ किंवा ११ करून टाकावे. हा उपाय टिकाऊ.

तिसरी शक्यता अगदी साधी. काही जण डब्याचे नाव मुद्दाम झाकून ठेवतात. मग ते यादीत येत नाही आणि ‘छुपे नेटवर्क जोडा’ या जागी नाव हाताने टंकावे लागते, लहान-मोठी अक्षरे जशीच्या तशी.

ताईंच्या मुलाला एवढे पुरे व्हावे. पण हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या लॅपटॉपवर एकही नाव दिसत नसेल तर त्याची वाट निराळी. आणि आपल्या वस्तीवर शेजाऱ्याचे वायफाय असतेच कुठे? तेव्हा शेजारी आपणच उभा करायचा. एका मोबाइलवर हॉटस्पॉट चालू करावा, त्यात पट्टा निवडायची सोय असेल तर २.४ निवडावा, आणि तो मोबाइल लॅपटॉपच्या शेजारी ठेवावा. शेजारी ठेवल्यावर दिसतो आणि चार पावले मागे नेल्यावर नाहीसा होतो, असे झाले तर आतल्या दोन बारीक अँटेनाच्या तारा निसटल्या आहेत असे समजावे. उघडून पुन्हा जोडलेल्या यंत्रांत असे होते. जाणत्या हाताला ते दहा मिनिटांचे काम आहे.

शेजारी ठेवूनही काहीच दिसले नाही तर ‘आरएफकिल लिस्ट’ टंकावे. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ या आज्ञेने सुटते. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर लॅपटॉपच्या कडेला एखादे सरकते बटण आहे का ते पाहावे. जुन्या यंत्रांत ते असे, पिशवीतून काढता-घालता सरकते, आणि माणसे दुकान गाठतात.

तेही नसेल तर ‘एलएसपीसीआय’ टंकावे. त्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ अशी ओळ आली, म्हणजे कार्ड जागेवर आहे आणि लिनक्सला त्याची भाषा तेवढी येत नाही. ड्रायव्हर किंवा फर्मवेअर नाही, असे म्हणतात ते हेच. इथे थोडे विषयांतर करतो. लिनक्स १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केले. ते घरच्या बियाण्यासारखे आहे, कोणीही घ्यावे, पेरावे, दुसऱ्याला द्यावे. पण काही कार्ड बनविणारे आपल्या चिपची आतली रीत उघड करीत नाहीत, संकरित बियाण्याच्या जनक वाणांसारखी ती घरात ठेवतात. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपनी यामुळे लिनक्सवाल्यांना फार छळले. २०१० साली त्या कंपनीने काही चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला, तरी जुन्या कार्डांना वेगळे फर्मवेअर घालावेच लागते. डेबियन या लिनक्सच्या प्रतीतही अशी फर्मवेअरे २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून प्रतिष्ठापनेतच येऊ लागली. म्हणून जुनी प्रत असेल तर आधी नवी घालून पाहावी.

ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा, अशी कोंडी होते. ती मोबाइल सोडवितो. मोबाइल चार्जिंगच्या तारेने लॅपटॉपला जोडून मोबाइलमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. अँड्रॉइड मोबाइलला लिनक्स सहसा लगेच ओळखते. मग उबुंटूमध्ये ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’ ही खिडकी उघडावी, ती सुचवील तो घ्यावा. या वेळी एखादा परवलीचा शब्द ठरवायला सांगितले तर तो कागदावर लिहून ठेवावा. यंत्र पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल’ निवडून तोच शब्द द्यायचा असतो. पुष्कळ जण घाबरून तो पडदा तसाच पुढे ढकलतात आणि मग घातलेला ड्रायव्हर चालत नाही. त्या निळ्या पडद्याला भिऊ नये.

‘एलएसपीसीआय’मध्ये ओळच नसेल, आणि यूएसबीच्या कार्डासाठी असलेल्या ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेतही काही नसेल, तरच कार्ड सैल झाले किंवा खरोखर गेले म्हणायचे.

हे सारे मराठीत ऐकून शिकायचे असेल तर सोय मुलाच्या वाटेपासून फार दूर नाही. पवईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा उपक्रम चालविला आहे. त्यात लिनक्सचे छोटे छोटे पाठ आहेत, मराठीतही आहेत आणि विनामूल्य आहेत. मोबाइलवर पाठ लावून लॅपटॉपवर हात चालवावा.

आणि ताई, कार्ड खरेच गेलेले निघाले, तरी लॅपटॉप गेला असे होत नाही. अंगठ्याएवढे यूएसबीचे वायफाय कार्ड काही शे रुपयांत मिळते. मात्र खोक्यावर ‘लिनक्स’ लिहिले आहे एवढ्यावर घेऊ नये, काहींना ड्रायव्हर स्वतः तयार करून घालावा लागतो आणि लिनक्सची दर नवी आवृत्ती आली की ते पुन्हा रुसतात. मीडियाटेकच्या काही चिप लिनक्सला आधीपासून ओळखीच्या आहेत, त्या विचाराव्यात. लॅपटॉप सोबत न्यावा, दुकानातच लावून पाहावा आणि नावे दिसली तरच पैसे द्यावेत.

मामांच्या मोबाइलवर पट्टा कोणता निघाला, डबा कोणत्या चॅनेलवर आहे आणि ‘रेग गेट’ने कोणती दोन अक्षरे दाखविली, एवढ्या तीन गोष्टी एका पोस्टकार्डावर कळवाव्यात. कांदा साठवणुकीचा लेख पुढील अंकी.